रेडा, पेंग्विन आणि नेवाशाचं स्थळ

सोनई
४ नोव्हेंबर २०२५

श्री. आदिनाथराव, जावईबापू,
सोनईहून राधाकृष्णाचा मनापासून नमस्कार. इकडे सर्व क्षेम.

दिवाळीला तुम्ही आणि दिशा येऊन गेलात, घर भरलं. पत्र अशासाठी लिहितो की फोनवर तुमच्याशी बोलायला लागलो की माझ्या तोंडून 'हो हो, छान छान' याच्या पलीकडे काही निघत नाही. शिवाय उभा जन्म टपाल खात्यात गेला. निवृत्त झालो तरी लाल पेटी दिसली की हात शिवशिवतो.

पाडव्याच्या दुपारी जेवण अंगावर आलं आणि माझा जरा डोळा लागला. उठून पाहतो तर तुम्ही आमच्या कॉम्प्युटरमधलं विंडोज काढून लिनक्स घातलेलं. जावयानं न सांगता एवढे कष्ट घ्यावेत, हे आमचं भाग्य. पडद्यावरचा तो पेंग्विन फार गोड दिसतो. पूर्वी डाव्या कोपऱ्यात असायचं ते आता उजव्या कोपऱ्यात गेलंय. उजव्या कोपऱ्यातलं कुठे गेलं ते अजून शोधतोय. पण शोधण्यात दुपार कशी जाते कळत नाही. पत्त्यांचा खेळ दिसत नाही. तशी ती सवय वाईटच. प्रिंटर आता अर्धंच पान छापतो. शाई वाचते.

माझ्या फोनचाही तुम्ही बंदोबस्त केलात. अनोळखी नंबर वाजतच नाहीत, त्यामुळे लॉटरी लागल्याचे फोन थांबले. घरात फार शांतता असते.

एक आनंदाची गोष्ट. नेवाशाच्या लग्नात आमच्या धाकट्या निकिताला बजरंगरावांच्या घरच्यांनी पाहिलं. हळदीला स्पीकर बंद पडला होता तो त्यांच्या ओमनं दुरुस्त केला, आणि मग निकिताशी मिरचीच्या रोपांवर बराच वेळ बोलत उभा राहिला. मिरचीवर इतकं बोलण्यासारखं असतं हे आम्हांला नवीन. बजरंगरावांनी बायोडेटा मेलवर मागितला. तुम्ही तुमच्या घरच्या सर्व्हरवर मला जो नवा पत्ता काढून दिलात, त्यावरूनच पाठवला आहे. पोरगी बोलत नाही, पण दिवसातून दोनदा विचारते, "दादा, मेल आली का?"

तुमचा,
राधाकृष्ण


सावेडी, नगर
९ नोव्हेंबर

मामा, नमस्कार!

तुमचं पत्र वाचून इतका आनंद झाला की दिशाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती मधेच "अहो, दादा नाराज दिसतात" म्हणाली. मी म्हटलं, नाराज माणूस शाई वाचल्याचं कौतुक करतो का? माझ्या ओळखीत लिनक्स लावून दिल्यावर मनापासून आभार मानणारे तुम्ही पहिले. कंपनीत स्टोअरच्या माणसाला लावून दिलं होतं, तो अजून माझ्याबरोबर डबा खात नाही.

आमच्या रेड्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. माझा जुना लॅपटॉप, पडदा फुटलेला, काळा, जड, म्हणून नाव रेडा. पण वेद बोलतो! आमच्या घराची मेल, फोटो, गप्पांचा ग्रुप, सगळं त्याच्या पोटात. तो देवघराच्या वरच्या फळीवर असतो, कारण मोकळा प्लग तिथेच आहे. त्याचा पंखा फिरला की समईची ज्योत हलते. दिशा म्हणते देव तरी हलवा नाहीतर रेडा. मी विचार करतोय.

लोक मला वेडा म्हणतात. पण मामा, आपलं धान्य आपण दुसऱ्याच्या कणगीत ठेवतो का? मग आपले फोटो, आपली पत्रं सातासमुद्रापार कुणाच्या तरी गोदामात कशाला? आपलं सामान आपल्या घरात. थोडी तोशीस पडते, पण मालक आपण.

तुम्हांला व्हॉट्सॲपवरून काढून आपल्या 'ओसरी' ग्रुपवर घेतलंय, तिथे करमतंय ना? सध्या सदस्य चार आहेत: तुम्ही, मी, दिशा आणि माझा दुसरा फोन. वाढतील.

तुमचा,
आदिनाथ


सोनई
१९ नोव्हेंबर

जावईबापू,
नमस्कार. पत्र पोचलं.

ओसरीवर उत्तम करमतं. तुमचा दुसरा फोन रोज सकाळी 'चाचणी' असा निरोप पाठवतो, त्याला मी नमस्कार करतो. परवा दिवसभर काहीच आलं नाही. काळजी वाटली. नंतर दिशाकडून कळलं की तिनं मिक्सरसाठी रेड्याचा प्लग काढला होता.

पेन्शनीसाठी आपण जिवंत असल्याचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. मागच्या साली घरी कॉम्प्युटरवर बोट टेकवलं की काम व्हायचं. यंदा पेंग्विननं ते बोटाचं यंत्र काही ओळखलं नाही. मग मी समक्षच बँकेत गेलो. तिथे जुने सहकारी भेटले, सगळ्यांनी एकमेकांना जिवंत पाहिलं. तुमच्यामुळे हा योग आला.

नेवाशाहून अजून उत्तर नाही. बायोडेटा जाऊन बरेच दिवस झाले. मुलीच्या बापानं पुन्हा पुन्हा विचारणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प आहे. दरम्यान राहुरीचं एक स्थळ आलंय. हनुमंतरावांचा मुलगा, कोंबड्यांची मोठी शेड, माणसं घाईची. पौष लागायच्या आत सुपारी फोडू म्हणतात. निकिताला विचारलं, तर म्हणाली, "तुम्हांला योग्य वाटेल ते करा," आणि तिच्या रोपवाटिकेत निघून गेली. तिथे तिनं त्या दिवशी तेच वाफे तीनदा भिजवले.

नेवाशाचं तुम्हांला काय वाटतं? तुम्ही शिकलेले आहात.

आपला,
राधाकृष्ण


सावेडी
२४ नोव्हेंबर

मामा, नमस्कार.

बँकेतल्या मित्रांच्या भेटीचं वाचून बरं वाटलं. तंत्रज्ञानामुळे माणसं तुटतात असं म्हणणाऱ्यांना हे दाखवलं पाहिजे.

नेवाशाचं म्हणाल, तर उत्तर न येणं हेही एक उत्तरच आहे. मेल तर नक्की पोचली. मी रेड्याची नोंद तपासली, पलीकडच्या सर्व्हरनं ती घेतल्याचं स्पष्ट दिसतंय. आणि हे विशेष आहे बरं का! मोठ्या कंपन्या माझ्यासारख्या घरगुती सर्व्हरची मेल घेतच नाहीत, थेट कचऱ्यात टाकतात. का, तर आम्ही अनोळखी. इतका अन्याय! मी मागे आमच्या कंपनीच्या साहेबांना रजेचा अर्ज घरून पाठवला, तो त्यांच्या कचऱ्यात गेला आणि माझी गैरहजेरी लागली. तर नेवाशाच्या लोकांनी मेल घेतली, वाचली आणि गप्प बसले. अशा माणसांच्या घरी आपली निकिता नको. राहुरीचं करून टाका. कोंबड्यांच्या शेडमध्ये तापमान मोजायला सेन्सर लागतात, तिथे मला बरंच काही करता येईल.

सोबत पार्सलनं एक छोटी डबी पाठवतोय. ओट्यावरच्या दिव्याच्या बटणाशी जोडायची, निकिताला जमेल. मग तो दिवा मी इथून, सावेडीतून, चालूबंद करू शकेन. तुम्हांला उठायलाही नको.

आपला,
आदिनाथ


सोनई
२ डिसेंबर

जावईबापूंना साळूबाईचा नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत न्हाई. आमच्यात लिहायचं काम यांचं. पन आता लिहिते, कारन यांनी तुमाला लिहिलेलं सगळं खोटं हाय. मी लपून वाचलंय.

त्या पेंग्विनसंगं हे रोज दुपारी भांडत बसतात. परवा त्याला 'मेल्या' म्हनले. इतक्या वर्सांत मला कधी म्हनले न्हाईत. ओसरी का फोसरी, तिथं काय बी करमत न्हाई. शेजारच्या बनुबाईच्या अंगनात जाऊन तिच्या मोबाईलात व्हॉट्सॲप बघतात. कोन गेलं, कोनाचं बारसं, समदं बनुबाईकडून कळतं. तिनं आता गावभर केलंय की पोस्टमास्तरला जावयानं वाळीत टाकलं.

तो दिवा तर लईच. तुमी तिकडून काय करता ठाव न्हाई, पन इकडं भर दुपारी लागतो, विझतो, लागतो, विझतो. बनुबाईनं दारात लिंबू-मिरची बांधून ठेवली. तिला वाटतं आमच्यात भानामती झाली.

हे मी हसून सोडलं असतं. पन पोरीचं काय? निकीला नेवाशाचा मुलगा पसंत हुता. तोंडानं बोलत न्हाई, पन मी आई हाय. भाकर पानात तशीच ऱ्हाती. येत्या चौदा तारखेला, रविवारी, राहुरीचे लोक सुपारी फोडायला येनार. मी यांना म्हनलं, जावईबापूंना विचारा, तुमचा त्यो रेडा काय गडबड तर करत न्हाई ना? तर म्हनले, "जावयाच्या कामावर शंका घ्यायची? लोक काय म्हनतील?"

मी लई शिकलेली न्हाई. पन माझ्या साध्या डोक्याला येवढं कळतं की जो पोरगा मिरचीवर तास तास बोलला, त्यो दोन ओळी लिहायला मागं सरनार न्हाई. तुमी जरा बघा. बघायला जमलं न्हाई तर मला कळवा, मी स्वता नेवाशाला जाते.

ह्यांना पत्राचं सांगू नका.

साळूबाई


सावेडी
६ डिसेंबर

मामा आणि मामी,

हे पत्र दिशाच्या हाती पाठवतोय. ती पहिल्या एसटीनं निघते आहे. यंत्रावर माझा आज भरवसा नाही आणि फोनवर तुमच्याशी बोलायचं धैर्य नाही.

मामींनी मला लिहिलं. मामा, त्यांना बोलू नका. त्यांनी लिहिलं म्हणून वाचलो. पत्र मिळाल्यावर आधी मला राग आला. रेड्यावर शंका! मग दिशा म्हणाली, "पाठवलेली मेल तपासलीत. आलेली तपासलीत का?" मी म्हणालो, आलेली असती तर दादांना दिसली नसती का? तिनं देवघराकडे बोट दाखवलं.  मी उठून फळीवरून रेडा खाली काढला.

नेवाशाचं उत्तर आलं होतं, मामा. तुम्ही बायोडेटा पाठवलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. 'मुलगी सर्वांना पसंत आहे, आपण कधी यावं ते कळवावं,' असं बजरंगरावांनी लिहिलंय. नंतर ओमनं एक मेल केली, मग आणखी एक. शेवटच्या मेलमध्ये एवढंच आहे: 'काही चुकलं असल्यास क्षमा असावी.' तिन्ही मेल माझ्या रेड्यानं अडवून एका कोंडवाड्यात घातल्या होत्या. तिकडे मी कधी फिरकलोच नव्हतो.

कारण सांगायची लाज वाटते. ओमसुद्धा माझ्यासारखाच आहे. त्याचीही मेल त्याच्या घरच्या सर्व्हरवरून येते. माझी मेल त्याच्या सर्व्हरनं बिनबोभाट घेतली. त्याची मेल माझ्या सर्व्हरनं घेतली नाही, कारण मीच नियम घालून ठेवला होता: अनोळखी, घरगुती सर्व्हरवर विश्वास ठेवू नये. मोठ्या कंपन्या मला असं वागवतात म्हणून मी तुम्हांला पानभर रडगाणं लिहिलं, आणि अख्ख्या जिल्ह्यात माझ्या जातीचा जो एक माणूस निघाला, त्याला मीच उंबऱ्यावरून हाकललं.

बजरंगरावांनी फोनही केले होते. निकिताला तिच्या मोबाईलवर गाठून तुमचा फोन बघायला सांगितलं. अडवलेल्या नंबरांत त्यांचा नंबर ओळीनं दिसतोय. तोही बंदोबस्त माझाच.  माझं सांगून झाल्यावर निकिता नुसतं, "भाऊजी, तिसरी मेल परत वाचून दाखवा," म्हणाली.

मी आता स्कूटरवर नेवाशाला निघतोय, बजरंगरावांच्या पाया पडायला. राहुरीकरांना तेवढं थांबवा. ओट्यावरच्या दिव्याला यापुढे हात लावणार नाही. आणि मामा, तुम्हांला हवं ते बोला मला. छान छान म्हणू नका.

आदिनाथ


सोनई
१६ डिसेंबर

चि. आदिनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

आजवर 'राव' आणि 'बापू' लिहीत आलो. आज हात तिकडे वळला नाही, तेव्हा तसंच राहू दे.

अरे, झोपलेल्या माणसाचा कॉम्प्युटर कुणी बदलतो का? विचारायचंस तरी! आणि पोरीच्या लग्नाची पत्रं कोंडवाड्यात? आमच्या पोस्टात न पोचलेलं पत्र मिळालं की ते परत धाडायचो, शिक्का मारायचो, कुणाला तरी खबर द्यायचो. तुझा रेडा पत्रं गिळून वर समईची ज्योत हलवत बसला! आणि मीही मूर्ख. तोंड उघडलं असतं तर महिनाभर पोरगी कुढली नसती. मानापायी गप्प बसलो. मामी मला जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. झालं. एवढंच बोलायचं होतं. आता बरं वाटतंय.

राहुरीला मी स्वतः गेलो. हनुमंतराव लई तापले. चहा न देता वाटेला लावलं, आणि ते योग्यच केलं.

रविवारी नेवाशाची मंडळी आली. तुझं कंपनीचं ऑडिट आडवं आलं, नाहीतर तू बघायला हवा होतास. बजरंगराव पहिल्यांदा ताठ बसले होते. म्हणाले, "आम्ही फोन करून थकलो. वाटलं, पोस्टमास्तर माजलेत." मी हात जोडले. मग म्हणाले, "पण तुमचा जावई आमच्या ओट्यावर आला, कागदावर चौकोन काढून सर्व्हर सर्व्हर करत राहिला. चहा दोनदा गार झाला. मला काडीचं कळलं नाही. पण माणूस खरं बोलतोय एवढं कळलं. खोटं बोलणारा इतकं कंटाळवाणं बोलत नाही." सगळे हसले. दिशा सर्वांत जास्त हसली.

मग ओम आणि निकिता रोपवाटिकेत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा निकिताच्या हाताला माती होती आणि त्याच्याही. मामीनं मला कोपरानं ढोसलं. मी काय समजायचं ते समजलो. पानावर बसल्यावर पोरीनं भाकरी मागून घेतली.

इथवर सगळं गोड झालं. मग ओमची नजर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गेली.

"हे लिनक्स कोणी टाकलं, मामा?"

"आमच्या जावयानं." मी जरा छाती काढूनच म्हणालो.

"चांगलं आहे, पण आवृत्ती जुनी आहे. याच्यापेक्षा दुसरं एक आहे, फार हलकं. अर्ध्या तासात टाकून देतो," म्हणत पोरगा खुर्ची ओढून बसलासुद्धा! निकितानं कपाळाला हात लावला. बजरंगराव खाली बघत म्हणाले, "आमच्या घरातला टीव्हीही यानं असाच घालवला."

आणि आदिनाथ, माझ्या तोंडून शब्द निघाला, "न्हाई."

 मामीच्या हातातला खिरीचा चमचा तसाच राहिला. मी उभा राहिलो. म्हणालो, "न्हाई म्हणजे न्हाई. हा पेंग्विन माझा हाय. दीड महिना याच्याशी झगडून आत्ता कुठं मला याचं सगळं सापडायला लागलंय. प्रिंटर पूर्ण पान छापतो, तो मी स्वतः वठणीवर आणलाय. सातबारा निघतो. याला आता कुणी हात लावायचा न्हाई, मग तो धाकटा जावई असो की थोरला."

खरं सांगू? सुपारी अजून फुटलेली नव्हती म्हणून बोलता आलं. फुटल्यावर जावयाला नाही म्हणणं मला जमत नाही, हे तू जाणतोसच. म्हणून घाई केली.

ओम खुर्चीवरून उठला. मला वाटलं, मोडलं लग्न. तर पोरगा हात जोडून म्हणाला, "बरोबर आहे मामा. ज्याचं मशीन, त्याचा शब्द." निकिता पहिल्यांदाच सगळ्यांदेखत त्याच्याकडे बघून हसली. बजरंगरावांनी खिरीची वाटी पुन्हा पुढे केली.

सुपारी परवा, गुरुवारी, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी ठरली आहे. ऑडिट असो नाहीतर आभाळ कोसळो, तू यायचंस. ओमला तुला भेटायचंच आहे. तुमचे रेडे एकमेकांवर विश्वास कसा ठेवतील याची त्याच्याकडे काही योजना आहे म्हणे. ती ओट्यावर बसून ठरवा. कॉम्प्युटर आतल्या खोलीत हलवून तिला मी कुलूप घातलंय आणि किल्ली मामीच्या कनवटीला आहे. दोघं मिळून ते कुलूप फोडता येतं का बघा.

तुझा,
दादा